आधी गच्चीत ये!

इंद्रधनुष्याचे फोटो कुणी पुन्हा उघडून बघत असेल, असं मला वाटत नाही. लग्नाचे फोटो बघतात. नातवंडाच्या पहिल्या पावलाचे बघतात. गेलेल्या माणसांचे तर रात्री झोप लागेना झाली की बघतात. पण 'चला, गेल्या भाद्रपदातलं इंद्रधनुष्य जरा बघू या' म्हणत फोन हातात घेतलेला माणूस मला अजून भेटायचाय. माझ्याच फोनमध्ये 'इंद्रधनुष्य' शोधलं तर आधी एका बारशाची रांगोळी येते, मग बाजारातल्या रंगीबेरंगी छत्र्या, मग पेट्रोल पंपावरच्या डबक्यातला तेलाचा तवंग. खरी इंद्रधनुष्यं त्याच्याही खाली. राखाडी आभाळ, त्यात पुसट तांबडी-हिरवी रेघ, रेघेवरून आडवी गेलेली केबलची वायर आणि कोपऱ्यात शेजाऱ्यांची काळी टाकी.

तरीही पुढच्या वेळी धनुष्य उमटलं की हात आधी फोनकडेच जाणार. माझा जातो, समोरच्या वहिनींचा जातो, रिक्षा कडेला घेऊन रिक्षावाल्याचाही जातो. पुन्हा कधी बघायचं नाही ते टिपायची एवढी घाई कशासाठी, हा प्रश्न माझ्या डोक्यात बरेच दिवस घोळतो आहे.

आम्ही साताऱ्यात राहतो, आणि इंद्रधनुष्यासाठी हे गाव बरं आहे. पश्चिमेला यवतेश्वरचा डोंगर, त्याच्या मागे कासचं पठार. पाऊस तिकडून येतो आणि डोंगर ओलांडला की त्याचा जोर ओसरतो. भर आषाढात काही मिळत नाही, कारण सूर्यच दिसत नाही. श्रावण लागला की ऊन-पावसाची ये-जा सुरू होते. सकाळी पूर्वेचं ऊन आणि यवतेश्वरावर सरीचा पडदा असेल तर धनुष्य डोंगरावर. संध्याकाळी उलट. ऊन डोंगराकडून, सर पूर्वेला निघून गेलेली, आणि कमान जरंडेश्वराच्या बाजूला. पुढे परतीच्या पावसात, दुपारभर तापून उठलेले ढग संध्याकाळी कोसळून मोकळे झाले, की अगदी ठसठशीत उमटतं.

दुपारी बाराला मात्र कितीही नागडा पाऊस पडो, आभाळात काही सापडायचं नाही. सूर्य क्षितिजापासून ४२ अंशांच्या वर गेला की सपाट जमिनीवरच्या माणसासाठी सगळी कमान जमिनीखाली जाते. आपल्याकडे पावसाळ्यात याचा हिशोब साधारण असा बसतो, की सकाळी सव्वानऊपर्यंत आणि दुपारी चारनंतर. म्हणजे एक तर डब्याची घाई, नाही तर चहाची वेळ. लोक घरात असतात, गॅलरीत असतात, शाळेच्या बसची वाट बघत असतात. इंद्रधनुष्याला प्रेक्षक कमी पडत नाहीत याचं अर्धं श्रेय या वेळापत्रकाला द्यायला हवं.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एरवी पाण्याचा टँकर, पार्किंग आणि 'कुणाचं मांजर आहे हे' याशिवाय काही नसतं. त्या वेळी मात्र एकदम झुंबड. 'गच्चीत या', 'पूर्वेला बघा', 'डबल आहे डबल!' आणि मागोमाग फोटो. एकाच गच्चीवरून काढलेले, एकाच आभाळाचे, एकाच मिनिटातले फोटो. शेजारीशेजारी उभे राहून काढायचे आणि एकमेकांनाच पाठवायचे. मागे एकदा कणकेच्या हाताने वर आलेल्या एका काकूंना फोन धरता येईना. करंगळीच्या मागच्या बाजूने त्यांनी कॅमेरा चालू केला, फोटो काढला, आणि मग कुठे मान वर करून धनुष्याकडे पाहिलं. स्क्रीनवर कणकेचा ठिपका तसाच. तोही रंगांमध्ये छान मिसळून गेला होता.

आठवण म्हणून काढतो, असं लोक सांगतात. अमेरिकेतल्या फेअरफील्ड विद्यापीठाच्या लिंडा हेन्केल यांनी २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. संग्रहालयात विद्यार्थ्यांना काही वस्तू नुसत्या बघायला सांगितल्या आणि काहींचे फोटो काढायला सांगितले. फोटो काढलेल्या वस्तू त्यांना कमी आठवल्या. फोटो काढणाऱ्यांना टोकायला हा प्रयोग फार वापरला जातो. पण संग्रहालयातली मूर्ती उद्याही तिथेच असते. इंद्रधनुष्य कपात चहा असेपर्यंतही टिकेल याची खात्री नसते. शिवाय आठवायचं तरी काय? सगळी इंद्रधनुष्यं सारखीच. मागच्या वर्षीचं आणि या वर्षीचं समोर ठेवलं तर ओळखू येईल ते शेजाऱ्यांच्या टाकीवरून. मिरवण्यासाठी काढतात म्हणावं, तर जे साऱ्या गावाला दिसलं त्यात मिरवायचं काय? आणि सुंदर म्हणून काढतात म्हणावं, तर साताऱ्याचं उन्हाळ्यातलं चांदणंही काही कमी सुंदर नाही. त्यासाठी ग्रुपवर 'गच्चीत या' असं कुणी टाकत नाही.

माझं उत्तर या सगळ्यांहून साधं आहे. इंद्रधनुष्य दिसल्यावर माणसाला ते बघायचं असतं त्याहून जास्त दाखवायचं असतं. फोटो म्हणजे आभाळाकडे रोखलेलं बोट. 'ते बघ' म्हटलं, समोरच्याने बघितलं, की बोटाचं काम संपलं. म्हणून ते फोटो पुन्हा उघडले जात नाहीत, आणि म्हणूनच वाईट आले तरी कुणाचं काही बिघडत नाही.

या बोटाला माणसं फार जुन्या काळापासून घाबरत आलेली आहेत. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात एक श्लोक आहे: शहाण्याने आकाशात इंद्रायुध पाहिलं तर ते कुणाला दाखवू नये. वासराला पाजणाऱ्या गाईला अडवू नये, हे त्याच श्लोकाच्या पहिल्या अर्ध्यात. का दाखवू नये याचं कारण तिथे दिलेलं नाही. पण जी गोष्ट कुणी करतच नाही तिला मनाई करायला स्मृतीत जागा कशाला खर्च करतील? त्या काळीही लोक झोपड्यांमधून बाहेर धावत असणार, पोरं ओरडत असणार, आणि कुठला तरी गंभीर माणूस कपाळाला आठ्या घालून उभा असणार.

ही मनाई एकट्या आपल्याकडचीही नाही. रॉबर्ट ब्लस्ट नावाचे भाषाशास्त्रज्ञ होते. इंडोनेशियात असताना त्यांनी सहज इंद्रधनुष्याकडे बोट केलं, तर तिथल्या एका शिक्षकाने त्यांना हटकलं. बोट वाकडं होतं म्हणे. पुढे त्यांनी जगभरातून अशा समजुती गोळा केल्या आणि शंभराहून अधिक भाषांच्या समाजांमध्ये त्यांना त्या सापडल्या. कुठे बोट सडतं, कुठे झडतं, कुठे वाकडं होऊन तसंच राहतं. ज्यांचा एकमेकांशी कधी संबंध आला नाही, अशा लोकांनी आपापल्या पोरांना हीच भीती घातलेली.

आमच्या आजीचा हा नियम आभाळासाठी नव्हता, परसातल्या मांडवासाठी होता. कोवळ्या काकडीला बोट दाखवायचं नाही, कुजते. दाखवायचीच झाली तर बोट मुडपून दाखवायची. काकडी आजीला स्पष्ट दिसत असायची, तिथे आम्ही बोट न करताही भागलं असतं. तरी बोट जायचंच. 'मला दिसली' हे नुसतं मनात ठेवून भागत नाही, दुसऱ्याने 'हो, दिसली' म्हणावं लागतं.

काकडीच्या बाबतीत तो 'हो' खरा असतो. दोघं एकच काकडी बघत असतात. इंद्रधनुष्याच्या बाबतीत तो होकार जरा संशयास्पदच आहे, आणि माझ्या मते सगळी ओढ तिथेच आहे.

सूर्याकडे पाठ करून उभं राहिलं की आपल्या डोक्याची सावली जिथे पडते, तो इंद्रधनुष्याच्या वर्तुळाचा मध्य. त्या मध्यापासून ४२ अंशांवर जे थेंब असतील तेवढेच मला तांबडा रंग पाठवतात, त्याहून जरा आतले जांभळा. देकार्त या फ्रेंच गणितज्ञाने १६३७ मध्ये गणित मांडून हा ४२चा आकडा दाखवून दिला. पण त्या गणितातली गंमत शाळेत कुणी सांगितली नव्हती. माझं डोकं वेगळं, माझी सावली वेगळी, म्हणून माझे थेंबही वेगळे. माझ्या शेजारी खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या माणसाचं धनुष्य दुसऱ्या थेंबांचं आहे. इतकंच कशाला, माझ्या उजव्या डोळ्याचं एक आणि डाव्याचं एक. मी बोट दाखवते तिथे काहीच नाही. मागे जाऊन बघायचं म्हटलं तर त्याला मागची बाजू नाही, आणि त्याच्या खाली जाऊन उभं राहता येत नाही.

एकदा संध्याकाळी कोल्हापूरला निघालो असताना उंब्रजच्या पुढे डाव्या हाताला धनुष्य लागलं. गाडीबरोबर ते पळत होतं. ऊस मागे जात होता, विजेचे खांब मागे जात होते, आणि ते उसावरून घसरत आमच्याबरोबर. मागच्या सीटवरच्या भाच्याला वाटलं ते आपला पाठलाग करतंय, आणि शास्त्राच्या दृष्टीने त्याचं फारसं चुकलंही नव्हतं. पुढे महामार्गाच्या कडेला गाड्या थांबवून लोक फोटो काढत होते. जो तो स्वतःचा पाठलाग करणाऱ्याचा फोटो काढत होता!

धनुष्याच्या एका पूर्ण गोल चुलतभावात हे जास्त स्पष्ट होतं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर सकाळी ऊन पाठीशी असताना समोरची दरी धुक्याने भरली, तर धुक्यावर रंगांचं गोल कडं दिसतं. ट्रेकर मंडळी त्याला इंद्रवज्र म्हणतात. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या हवामानावर मोठा लेख लिहिला, तो १८३५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. त्यात हरिश्चंद्रगडाच्या कड्यावरून पाहिलेल्या या, त्याच्या भाषेत 'गोल इंद्रधनुष्या'ची नोंद आहे. त्या रंगीत वर्तुळाच्या मधोमध स्वतःची, घोड्याची आणि बरोबरच्या माणसांची सावली, जणू चित्र आणि त्याला रंगांची चौकट, असं त्याने लिहिलं आहे. पण मला त्याहून आवडतं ते पुढचं. बरोबरच्या माणसांना त्या आकृत्या आपल्याच आहेत हे पटेना. मग त्यांनी हात हलवून बघितले, पाय झाडून बघितले, वाकून-वळून बघितलं, आणि समोरच्या आकृत्याही तसंच करतात हे पाहिल्यावर त्यांची खात्री पटली.

डोळ्यांसमोर आणून बघा. दोनशे वर्षांपूर्वी कड्याच्या टोकावर उभं राहून आपली काही माणसं हातपाय हलवताहेत, कारण समोरच्या रंगीत चौकटीत आपण आहोत का हे त्यांना बघायचंय. फोन असता तर वेगळं काय केलं असतं? तो लेख छापला गेला त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, इंग्लंडात टॅलबट नावाच्या गृहस्थाने स्वतःच्या घराच्या एका खिडकीचं निगेटिव्ह तयार केलं. आज शिल्लक असलेलं ते सगळ्यात जुनं निगेटिव्ह. म्हणजे साईक्सच्या मंडळींची हौस कॅमेऱ्याच्या आधीची. आजही कोकणकड्यावर इंद्रवज्र उमटलं की प्रत्येकाच्या फोटोत कडं त्याच्या त्याच्या सावलीभोवती. 'माझ्या डोक्याभोवती आलंय, तुझ्या नाही' यावर तिथे वाद होतात. दोघंही खरं बोलत असतात.

कॅमेऱ्याला हे काम नीट जमतं, असंही नाही. सूर्य मावळतीला टेकला असेल तेव्हा धनुष्य या टोकापासून त्या टोकापर्यंत ८४ अंश रुंद असतं. फोनच्या नेहमीच्या लेन्समध्ये आडवे जेमतेम सत्तर अंश मावतात. मग लोक काय करतात, तर मागे सरकतात. गच्चीच्या कठड्यापासून टाकीपर्यंत, टाकीपासून जिन्याच्या दारापर्यंत. इमारत असती तर मागे सरकल्यावर लहान झाली असती. इंद्रधनुष्य तेवढंच्या तेवढं, कारण ते कुठल्या अंतरावर नाहीच, तो नुसता कोन आहे. फोन मोठ्या आवाक्याच्या लेन्सवर टाकला तर मावतं, पण मग ते इतकं बारीक दिसतं की पाठवलेल्याला आधी 'कुठे आहे?' विचारावं लागतं. शिवाय काळा ढग बघून फोन आपणहून चित्र उजळवतो आणि रंग धुऊन टाकतो. धनुष्यावर बोट ठेवून उजेड थोडा खाली ओढला तर बरं येतं. एवढी युक्ती आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांना सांगून झाली. ऐकलं कुणीच नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. 'गच्चीत ये' म्हणायला एवढी कारागिरी लागत नाही.

आणखी एक गंमत. पोलराइज्ड गॉगल घालून मोटरसायकलवर जाणाऱ्याला धनुष्याचा माथा गायब झालेला दिसतो, नुसते दोन पाय जमिनीत रोवलेले. थेंबाच्या आत परावर्तन होताना प्रकाशाची कंपनं एका दिशेला बांधली जातात, आणि कमानीच्या माथ्यावर ती आडवी असतात. हा गॉगल नेमका आडवाच प्रकाश अडवतो. मान खांद्याकडे कलली की माथा परत येतो. सिग्नलला उभं राहून अशी मान तिरकी-सरळ करणारा माणूस लोकांना वेडा वाटतो; माझ्या भावाला वाटलेला आहे.

बोट दाखवायला शेजारी कुणीच नसेल तर काय होतं याचा एक नमुना साऱ्या जगाने बघितलेला आहे. २०१० मध्ये कॅलिफोर्नियात योसेमिटीजवळ राहणाऱ्या पॉल वास्केझ यांना घरासमोर दुहेरी इंद्रधनुष्य दिसलं. ते एकटेच होते. कॅमेरा चालू ठेवून ते ओरडत राहिले, हसले, चक्क रडले, आणि याचा अर्थ तरी काय, असं विचारत राहिले. काही महिन्यांनी तो व्हिडिओ जगभर पसरला आणि कोट्यवधी लोक त्यांना हसले. मीही हसले होते. आता बघताना वाटतं, तो माणूस शेजाऱ्याशी बोलतो तसा कॅमेऱ्याशी बोलत होता. 'दिसलं का?' असं विचारायला दुसरं होतं कोण?

अर्थात, फोटोंनी कधी कधी बोटाहून मोठं काम केलं आहे. पहिल्या धनुष्याच्या बाहेर दुसरं दिसतं, रंग उलटे लावलेलं; ते पुष्कळांनी पाहिलेलं असतं. तिसरं मात्र सूर्याच्याच बाजूला, त्याच्या झगमगाटात उमटतं. ते पाहिल्याच्या विश्वासार्ह नोंदी शतकानुशतकांत मोजक्याच. २०११ मध्ये जर्मनीत मिखाएल ग्रॉसमान यांनी ऐन पावसात सूर्याच्या दिशेने कॅमेरा रोखला आणि फोटोवर प्रक्रिया केल्यावर ते सापडलं. तैवानमध्ये ३० नोव्हेंबर २०१७ रोजी यांगमिंगशान डोंगरातल्या विद्यापीठातून एक इंद्रधनुष्य ८ तास ५८ मिनिटं दिसत राहिलं. विक्रमाचा पुरावा हवा म्हणून तिथल्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी जेवणखाण सोडून फोटो काढले, हजारो.

मला सगळ्यात गंमत वाटली ती २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाची. हवाई बेटांशी संबंधित संशोधकांना जगाचा इंद्रधनुष्य-नकाशा करायचा होता. कुठे किती पाऊस पडतो याची माहिती जगभर मिळते, इंद्रधनुष्याची नोंद कोणती वेधशाळा ठेवणार? मग त्यांनी फ्लिकर या फोटो टाकायच्या संकेतस्थळावर लोकांनी हौसेने टाकलेले इंद्रधनुष्याचे फोटो घेतले, कुठे आणि कधी काढले ते बघितलं आणि हवामानाच्या आकड्यांशी त्यांची सांगड घातली. जमिनीवरच्या सरासरी ठिकाणी वर्षाला सुमारे ११७ दिवस इंद्रधनुष्याजोगी हवा असते, आणि शतकाच्या अखेरीपर्यंत त्यात चार-पाच टक्क्यांची भर पडेल, असा त्यांचा अंदाज. कुणी पुन्हा उघडून न बघितलेले ते फोटो शेवटी कुणी तरी एकेक करून उघडले. फक्त एक अडचण त्यांना सोडवावी लागली. फोटो जिथे जास्त, तिथे धनुष्यं जास्त असतात असं नाही, माणसं जास्त असतात. फोटो काढायला कुणीच नव्हतं, अशा ठिकाणचाही हिशोब त्यांना करावा लागला.

माझी मामेबहीण लग्नानंतर आयर्लंडमध्ये, गॉलवेला गेली. तिकडे डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजाच्या जेमतेम १३ अंश वर असतो आणि पाऊस दिवसातून कितीही वेळा येतो-जातो. म्हणजे इंद्रधनुष्याला सुट्टीच नाही. पहिल्या हिवाळ्यात तिने आम्हाला इतके फोटो पाठवले की मामी म्हणाल्या, तिला जरा स्वयंपाकाचेही पाठवायला सांग. मग ते बंद झाले. मी विचारलं, कंटाळलीस का? म्हणाली, कंटाळा नाही गं, आता ऑफिसमधल्या मैत्रिणीला खिडकीशी ओढून नेते, झालं. तिथल्याच मातीत वाढलेली ती मैत्रीणही दर वेळी येते म्हणे, आणि 'अय्या' म्हणायच्या तिच्या भाषेतल्या पद्धतीने काहीतरी म्हणते.

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डावा अजून व्हायचा होता. भाद्रपदातली संध्याकाळ होती. सर जाऊन ऊन आलं आणि जरंडेश्वराच्या अंगाला कमान उभी राहिली. अण्णा प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, काळा चष्मा कपाळावर सरकवलेला. एक तळवा कधी या डोळ्यावर, कधी त्या.

"हे बघ गंमत," म्हणाले. "नव्या डोळ्याला आतल्या अंगाला जांभळा चांगला बोटभर दिसतोय. जुन्याला निळ्यातच कारभार आटोपतोय."

हे खरं होतं. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं आणि निळ्या-जांभळ्या टोकाचा प्रकाश अडवायला लागतं. हे इतकं सावकाश होतं की माणसाला पत्ताही लागत नाही. भिंग बदललं की अडवलेला रंग एकदम परत येतो. अण्णांच्या नाकाच्या एका बाजूला एक इंद्रधनुष्य होतं आणि दुसऱ्या बाजूला दुसरं. शाळेत पोरांकडून 'तानापिहिनिपाजा' घोकून घेण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. ते आता गंभीरपणे रंग मोजायला बसले. उजव्याने सात भरले, तेही पारव्याला ओढूनताणून बसवून. न्यूटननेही आधी पाचच धरले होते, संगीतातल्या स्वरांशी जुळावेत म्हणून पुढे सात केले, हे मी सांगितलं. त्यांना ते आवडलं नाही. डाव्याने पाच भरले.

"मग खरं कुठलं?"

"दोन्ही खरी."

"असं कसं? एक काय ते ठरव. फोटो काढ, त्यात कळेल."

फोटो काढला. फोन तीनच रंगांच्या गाळण्यांतून बघतो, लाल, हिरव्या आणि निळ्या, आणि उरलेलं अंदाजाने भरतो. त्याने हिरवा झणझणीत केला, तांबडा शेंदरी केला, आणि जांभळ्याच्या जागी मळकट निळं काहीतरी लावून दिलं. अण्णांनी स्क्रीन आधी उजव्या डोळ्यासमोर धरली, मग डाव्या, मग लांब धरून दोन्ही डोळ्यांनी बघितलं.

"हे तिसरंच," म्हणाले. "याचंपण ऑपरेशन करून घे."

तोवर खालचे जोशी वर आले, त्यांच्या मागे त्यांची नात. अण्णांनी तिला बोलावलं आणि एकेक डोळा झाकून बघायला लावलं. तिला दोन्हीकडून सारखंच दिसलं, त्यामुळे तिला त्यात काही राम वाटला नाही. ती फोन घेऊन कठड्याकडे गेली आणि मागे सरकत टाकीपर्यंत आली.

"वडूजला पाठव," अण्णा म्हणाले. वडूजला माझी आत्या असते. तो सगळा खटावचा भाग, साताऱ्याच्या पूर्वेला. इकडे डोंगराने पाऊस अडवून घेतला की तिकडे उरलंसुरलं पोचतं, तेही पोचलं तर. मी फोटो पाठवला, आणि निळ्या खुणा उमटायच्या आत आत्याचा फोनच आला. अण्णांनी स्पीकर लावायला सांगितला.

"दादा, कसं दिसतंय नव्या डोळ्यानं?"

"झकास. फोटो बघितलास का?"

"बघितला की. ते धनुष्य ऱ्हाऊ दे, त्यातला पाऊस कुठं पडतोय ते सांग आधी."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. कोन सांगता येतो, अंतर सांगता येत नाही. थेंब पाव किलोमीटरवर असतील नाही तर चार किलोमीटरवर.

"पूर्वेलाच आहे गं," अण्णा म्हणाले, "तुमच्याच अंगाला. पण कोरेगावच्या अल्याडच असंल."

"हितं एक थेंब न्हाई. ज्वारीची पेरणी खोळंबलीया."

"हं."

"मग नुसतं फोटू काय काढताय समद्यांनी? ढकला की जरा हिकडं!"